दाखला हिरवा, सातबारा कुणाचा?



गेल्या ऑक्टोबरात आम्ही बीडहून दीक्षाभूमीला गेलो. १४ तारखेला नागपूर, मग १६ ला चंद्रपूर. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली होती, हे आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना अजून माहीत नसतं. या खेपेला गाडीत पाटोदा आणि आष्टीची पाच-सहा पोरं नवीन होती. चंद्रपूरला आलोच आहोत तर ताडोबा बघू, असा त्यांनी हट्ट धरला. सफारीचे दर ऐकल्यावर हट्ट निम्मा झाला, आणि बुकिंग भरलंय म्हटल्यावर उरलेला निम्माही गेला. तरी मोहर्लीच्या गेटपर्यंत जाऊन आलो. वाघ काही दिसला नाही. रिसॉर्ट मात्र बरेच दिसले.

एका रिसॉर्टच्या फाटकावर हिरवी पाटी होती: पर्यावरणस्नेही, प्लास्टिकमुक्त, सौरऊर्जेवर चालणारे. भिंती शेणामातीने सारवल्यासारख्या रंगवलेल्या, त्यावर गोंडी चित्रं. समोरच्या टपरीवर चहा घेताना त्याच रिसॉर्टच्या गणवेशातला एक पोरगा भेटला. आमच्या गळ्यातले निळे पंचे बघून तोच आधी जयभीम म्हणाला. आम्ही विचारलं, भाऊ, काम काय करतोस? "बाग, पोहण्याचा टाका आन् संडास-बाथरूम, जी." किचनमध्ये आपलं कुणी आहे का? तो हसला. "किचनमंदी बाहेरचे असतेत. आमच्यातले नाही घेत." पगाराची पावती? "ठेकेदार देते पैसे. पावती कायची जी." मग त्यानेच त्या फाटकाच्या आतल्या जांभळाच्या झाडाकडे बोट दाखवलं. "ते आमचं वावर होतं. बापानं इकलं."

परतीच्या वाटेवर गाडीत हाच विषय. पाटोद्याचा एक पोरगा म्हणाला, "दादा, पाटी खोटी नव्हती. सोलर तर खरंच होतं." बरोबर आहे. पाटीवर जे लिहिलं होतं ते खरंच होतं. आमची तक्रार पाटीवर जे लिहिलेलं नव्हतं त्याबद्दल आहे.

दाखला म्हणजे काय चीज असते हे बीडकरांना कुणी शिकवायची गरज नाही. उसाला आणि साखरेला 'शाश्वत' असल्याचा दाखला देणारी बोन्सुक्रो नावाची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्रातल्या कारखान्यांनाही तिचा दाखला मिळालेला आहे. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातल्या साखरेवर मोठं शोधवृत्त छापलं: उचल, बालविवाह आणि ऊसतोड बायांची काढलेली गर्भाशयं. आपल्यासाठी त्यात नवीन काय होतं? २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांच्या पाहणीचे आकडे आले, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. हे सगळं चालू असताना कुठेतरी साखरेच्या पोत्यावर हिरवा शिक्का बसत होता. यात तपासनीस लाचखाऊच असला पाहिजे असं नाही. तो येतो, सांडपाणी बघतो, धुराडं बघतो, कारखान्याचा हजेरीपट चाळतो. मुकादमाने उचल देऊन आणलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्या हजेरीपटावर नसतेच. मग जे पटावर नाही, त्याची तपासणी होणार कशी?

मोहर्लीच्या त्या पोराचा ठेकेदार म्हणजे आपला मुकादमच की.

आता जंगल-पर्यटनाच्या मानकांचं बघू. या धंद्याची जगातली मोठी शाळा म्हणजे आफ्रिका. केनियात १९९६ साली इकोटुरिझम केनिया ही संस्था निघाली, आणि २००२ पासून ती सफारी लॉजना कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा श्रेणी देते. बोट्स्वानातही तीन पायऱ्यांची पद्धत आहे. या सगळ्यांच्या वर जागतिक शाश्वत पर्यटन परिषदेचे निकष आहेत, त्यांची पहिली आवृत्ती २००८ ची. त्यात व्यवस्थापन, समाज-अर्थव्यवस्था, सांस्कृतिक वारसा आणि पर्यावरण असे चार भाग आहेत. वाचायला बसलं तर माणूस खूश होतो. जमीन कायदेशीर मार्गाने घ्या, कुणाला जबरदस्तीने उठवू नका, स्थानिकांना नोकऱ्या द्या, व्यवस्थापनाच्या जागाही द्या. नोकरीत भेदभाव नको म्हणताना लिंग, वंश, धर्म, अपंगत्व हे शब्द येतात आणि पुढे 'किंवा इतर कोणत्याही प्रकारे'. जात त्या 'इतर' मध्ये बसवलेली आहे. हजारो वर्षांच्या व्यवस्थेला अर्धा शब्दसुद्धा नाही. परदेशातल्या लोकांनी तो लिहिला नाही हे समजू शकतं, पण आपल्याकडे हेच निकष मराठीत आणून कार्यशाळा घेणाऱ्यांना तरी तो आठवायला नको?

आफ्रिकेकडून शिकायचं असेल तर श्रेण्यांपेक्षा एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, ती म्हणजे माकुलेके लोकांची. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला, लिम्पोपो आणि लुवुव्हू नद्यांच्या मध्ये, त्यांची पाफुरी नावाची जमीन होती. १९६९ मध्ये वर्णद्वेषी सरकारने सुमारे ३,००० लोकांना बंदुकीच्या धाकाने तिथून उठवलं आणि ती जमीन उद्यानाला जोडली. वाघाच्या जागी हत्ती घाला, गोष्ट आपलीच आहे. वर्णद्वेषाची सत्ता गेल्यावर जमीन परत मागण्याचा कायदा आला. माकुलेकेंनी दावा लावला आणि १९९८ मध्ये सुमारे २४ हजार हेक्टर जमिनीची मालकी परत मिळवली. मालकी त्यांच्या सामूहिक संस्थेच्या नावावर आली. जंगल जंगलच ठेवायचं, तिथे शेती किंवा खाण नाही, हे त्यांनी मान्य केलं. उद्यानाच्या कारभारात ते भागीदार झाले. लॉजवाल्यांना जागा भाड्याने दिली, आणि त्याचा पैसा त्यांच्या संस्थेकडे येतो.

इथे क्षणभर थांबून ताडोबाकडे बघा. १९५५ चं राष्ट्रीय उद्यान, १९८६ चं अंधारी अभयारण्य, १९९५ पासून दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. २००७ नंतरच्या काळात बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं कोअरमधून उठली. कुटुंबामागे दहा लाखांचं पॅकेज, पुढे देशपातळीवर ते पंधरा लाख झालं. आम्ही मोबदल्याला नावं ठेवत नाही, शाळा-दवाखान्याच्या जवळ जायची इच्छा त्या लोकांनाही होती. पण मोबदला एकदाच मिळतो आणि हिस्सा दरवर्षी मिळतो. माकुलेके आज लॉजचे घरमालक आहेत. बोटेझरीचा माणूस, नशीब चांगलं असलं तर, जिप्सीचा चालक किंवा गाइड आहे. फरक पगाराचा नाही, जागेचा आहे. कोण कुठे उभा आहे याचा.

आणि आफ्रिका म्हणजे सगळी माकुलेके नव्हे. टांझानियातल्या लोलिओंडोत जून २०२२ मध्ये मसाई पशुपालकांच्या चराईच्या सुमारे १,५०० चौरस किलोमीटर जमिनीवर हद्दीचे खांब ठोकायला पोलीस आले, गोळीबार झाला. त्याही देशात लॉजच्या भिंतीवर हिरवे दाखले लटकत होतेच.

भारतात मानकं नाहीत असं नाही. २४ जुलै २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअर क्षेत्रातलं पर्यटन बंद केलं. पर्यटन कंपन्यांनी आकाशपाताळ एक केलं. ऑक्टोबरात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक नियम जाहीर केले आणि बंदी उठली. त्या नियमांनुसार कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन होईल, कोअरमध्ये नवं बांधकाम होणार नाही, प्रत्येक प्रकल्पासाठी स्थानिक सल्लागार समिती असेल, आणि लॉज कमी उंचीचे, कमी आवाजाचे, कचऱ्याची नीट विल्हेवाट लावणारे हवेत. एक संवर्धन शुल्कही आहे, जे लॉजवाल्यांकडून घेऊन जंगलावर आणि आसपासच्या लोकांच्या उपजीविकेवर खर्च करायचं. आता गंमत बघा. न्यायालयापुढे मांडलेल्या आधीच्या मसुद्यात हे शुल्क उलाढालीच्या किमान १० टक्के होतं. अंतिम नियमांत ते दहा टक्के राहिले नाहीत, दर ठरवणं राज्यांवर सोडलं गेलं. सौरदिवे टिकले, शेणामातीचा रंग टिकला. उलाढालीतला वाटा तेवढा वाटेत गळाला.

हा योगायोग आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी वाटून घ्यावं.

ताडोबात चांगलं काही घडलंच नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. तिथे बाया गाइड झाल्या आहेत. आगरझरीसारख्या बफरमधल्या गावाला पर्यटनातून काम मिळतं. गेटवरच्या शुल्काचा पैसा व्याघ्र प्रतिष्ठानाकडे राहतो, तो मंत्रालयाच्या तिजोरीत हरवत नाही. (तरी २०२३ मध्ये ऑनलाइन बुकिंगचे सुमारे १२ कोटी रुपये थकवल्याची तक्रार प्रतिष्ठानालाच पोलिसांत करावी लागली. पैसा कुणाच्या हातून फिरतो हे बघत राहावंच लागतं.) पण हे सगळं मोजताना एकच शब्द वापरला जातो: 'स्थानिक'. स्थानिकांना रोजगार, स्थानिकांना लाभ, स्थानिकांचा सहभाग. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की 'गाव' हा एकजिनसी समूह नसतो. बाबासाहेबांनी तर ते संविधान सभेत ठणकावून सांगितलं होतं. मग रिसॉर्टच्या तक्त्यात गाव एकजिनसी कसं होतं? 'स्थानिक कर्मचारी ७० टक्के' असं कुणी लिहिलं की आमचा पहिला प्रश्न असतो: रिसेप्शनवर किती, किचनमध्ये किती, संडास साफ करायला किती, आणि कोण?

होम-स्टेचंही तसंच. 'घरगुती जेवण' अशी पाटी असते. कुणाच्या घरचं? पुण्या-मुंबईचा पाहुणा कंदिलाच्या उजेडात चुलीवरची भाकरी खायला येतो. ती भाकरी बौद्ध वस्तीतल्या घरची असेल तर गावचा एजंट त्याला तिकडे नेतो का? आम्हाला उत्तर ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. महाडला १९२७ मध्ये प्रश्न पाण्याचा होता. आज तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसलाय आणि त्याला 'स्थानिक खाद्यसंस्कृती' असं गोड नाव मिळालंय.

जमिनीचा कागद हा तर आणखी खोल खड्डा. २००६ चा वनहक्क कायदा आला. आदिवासींसाठी अट अशी की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत असले पाहिजेत. आपल्यासारख्या 'इतर पारंपरिक वननिवासी' लोकांनी मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा आणायचा. ज्यांच्या पणजोबाचं नाव गावच्या दप्तरात फक्त वतनी राबणुकीसाठी लिहिलं जायचं, त्यांनी जंगलातल्या वास्तव्याचा कागद कुठून आणायचा? म्हणून जंगलाकाठच्या बौद्ध वस्तीला गोंड शेजाऱ्याइतकाही आधार उरत नाही. हे बोललं की काही मित्र म्हणतात, आदिवासी आणि दलित यांच्यात भांडण लावू नका. अहो, भांडण नाही. पाचगाव आणि मेंढा-लेखाच्या ग्रामसभांनी सामूहिक वनहक्क मिळवून दाखवले त्याचा आम्हाला अभिमानच आहे. त्यांच्या शेजारी बसायला आम्हालाही कागदाची चटई मिळावी, इतकंच.

मोहर्लीजवळच्या वस्तीत विहारापुढे बसलेल्या एका मावशींनी आम्हाला जे ऐकवलं ते अजून कानात आहे. "वाघ दिसला का मोटारी येते. आमच्यातलं माणूस गेलं का पंचनामा येते." १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. भर मे महिन्यात बाई जंगलात का जाते? वाघ बघायला नाही. मजुरी नसते म्हणून. मग लॉजच्या मानकात हा प्रश्न हवा की नको: तुमच्या गेटपासून पाच किलोमीटरच्या आतली किती घरं अजून तेंदू-मोहावर जगतात, आणि तुमच्यामुळे त्यांतली किती कमी झाली?

आता तुम्ही म्हणाल, हे विदर्भाचं पुराण बीडमध्ये कशाला? आपल्याकडे वाघ नाही.

वाघ नाही, मोर आहेत. पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे, १९९४ चं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. खुरटी झाडं, बालाघाटचे माळ, उन्हाळ्यात टँकर. तिथे अजून रिसॉर्टची रांग लागलेली नाही. पण जवळच सौताड्याचा धबधबा आहे, पावसाळ्यात नगर-पुण्याच्या गाड्या येतात. माळरान, लांडगा, मोर, हुरडा, असं सगळं एकत्र विकायची कल्पना कुणाच्या तरी डोक्यात आज ना उद्या येणारच. आणि ती आली की लॉज कुठे उभा राहील याचं उत्तर कायद्यातच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे अभयारण्याच्या आत व्यापारी लॉज, हॉटेल बांधायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वमंजुरी लागते. त्या भानगडीत कोण पडेल? तो हद्दीच्या बाहेर जागा शोधेल. हद्दीबाहेर, गावाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याला काय असतं? गायरान.

आणि गायरानावर कोण आहे हे मराठवाड्यात कुणाला विचारायची सोय नाही. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह, पुढे आपल्याच जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी गावोगाव कसायला लावलेली गायरानं. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासननिर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला. तरीही आज कितीतरी घरं अशी आहेत जी तीस-चाळीस वर्षं कसतात, दंड भरल्याच्या पावत्या पेटीत जपून ठेवतात, आणि सातबाऱ्यावर मात्र त्यांचं नाव नाही. पर्यटनाचा आराखडा आला की त्यात ही जमीन 'पडीक शासकीय जागा' म्हणून दिसेल. लॉज पर्यावरणस्नेहीच असेल. सौरदिवे असतील. पावसाचं पाणी साठवलं जाईल. मोरांना धान्यसुद्धा टाकतील.

आपल्या चळवळीचीही यात चूक आहे, ती कबूल करू. पर्यावरण म्हणजे दुर्बीण लटकवून फिरणाऱ्या सवर्णांचा छंद, असं आपण धरून चाललो. पक्षी-गणना, अभयारण्याची बैठक, आराखड्यावरच्या हरकती, कुठेच आपला माणूस नसतो. आणि मग निर्णय झाल्यावर मोर्चा. काही साथी म्हणतात बहिष्कार टाका, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. आम्हाला ते पटत नाही. कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात सहा महिने पाचटावर झोपण्यापेक्षा गावातच मोर दाखवून चार पैसे मिळत असतील तर आमच्या बायांना ते हवेच आहेत. प्रश्न एवढाच की त्या मालकीण म्हणून उभ्या राहणार की ठेकेदाराच्या पोरी म्हणून.

मोरांवरून सम्राट अशोक आठवतो. त्याच्या पहिल्या शिलालेखात एक विलक्षण कबुली आहे. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता फक्त दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असं तो दगडावर कोरून ठेवतो. अजून काय सुटलेलं नाही तेही तो लिहितो. सम्राट असून स्वतःच्या स्वयंपाकघराचा हिशेब चव्हाट्यावर मांडतो. एका तरी रिसॉर्टच्या पाटीवर आम्हाला असं वाक्य दाखवा: 'आमच्याकडे अजून किचनमध्ये एकही बौद्ध नाही.'

आम्हाला मानक हवं ते या जातीचं. लॉजवाल्याने पैसे देऊन बोलावलेल्या तपासनिसाने इंग्रजीत लिहिलेलं नको, ग्रामसभेत वाचून दाखवता येईल असं हवं, आणि ती ग्रामसभा गावच्या शेवटच्या वस्तीत भरलेली हवी. त्यात जमीन पहिली येईल. गायरानधारकाचं नाव सातबाऱ्यावर लागेपर्यंत त्या गटात कुठलाही पर्यटन प्रकल्प नको, आणि नंतरही विक्री नको, भाडेपट्टाच हवा. मग पाणी. बोअरला मीटर, आणि दर महिन्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. ज्या गावाला टँकर लागतो तिथे पोहण्याचा तलाव कशाला हे आम्हाला कुणीतरी समजावून सांगावं. मग पदवार माणसं, प्रवर्गासह, ठेकेदाराच्या माणसांसकट. आणि उलाढालीतला ठरलेला वाटा. तो दहा टक्के असावा असं एकदा दिल्लीच्या कागदावर आलेलंच होतं, आपण काही आकाशातला तारा मागत नाही.

नायगाव अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्याची प्रत, हद्दीलगतच्या गावांची यादी आणि त्या गावांतल्या गायरान गटांची पर्यटनासाठी कुणी मागणी केली आहे का, एवढ्या तीन गोष्टींसाठी माहिती अधिकाराचे अर्ज आम्ही लिहून ठेवले आहेत. एक वनविभागाकडे, एक तहसीलला. अर्ज द्यायच्या आधी गट नंबर पक्के करायचे आहेत. पाटोदा भागातल्या साथींनी आपापल्या वस्तीतल्या गायरानधारकांची नावं, कधीपासून कसतात ते, आणि दंडाच्या पावत्यांचे फोटो घेऊन येत्या रविवारी सकाळी विहारात यावं. म्हाताऱ्या माणसांना सोबत आणा, बांध त्यांनाच माहीत असतात. उत्तरं आली की जशीच्या तशी इथे टाकू.

जयभीम.